टेबल ऐंशी टक्के झालंय

१० नोव्हेंबर, रविवार. सकाळी.

दिवाळी संपली, पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले. आता कामाला लागायचं. ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, त्यामुळे इथं फक्त खरं लिहायचं असं ठरवलंय.

काल पुण्याहून अमरनाथ सरांचा मेसेज आला. सर म्हणजे आमच्या वॉरगेम क्लबचे सेक्रेटरी. आमच्या म्हणजे क्लब पुण्याचा आहे, मी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे. ३० डिसेंबरला ते तुळजापूरला दर्शनाला येताहेत. तिथून लोहाऱ्याला येणार, स्वतःची फौज घेऊन. माझ्या टेबलवर आमची लढाई! टेबल आवडलं तर फेब्रुवारीच्या प्रदर्शनात हॉलच्या मधोमध तेच मांडणार. खाली पाटी: गौरीशंकर, लोहारा.

हा खेळ म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, फासे, मोजपट्टी आणि समोर एक माणूस. सैनिक ज्यावर लढतात ते डोंगर, ओढे, शेतं, झाडं म्हणजे टेरेन. ते आपल्या हातानं करायचं असतं. आमच्या गल्लीत याला खेळणी म्हणतात. लोहाऱ्याकडून मी याहून जास्त अपेक्षा ठेवलेलीच नाही. समोर बसायला माणूस तर गेल्या तीन वर्षांत तालुक्यात एकही मिळाला नाही. म्हणून सरांचं येणं महत्त्वाचं.

सरांनी विचारलं, टेबल कितपत झालंय. ऐंशी टक्के झालंय, असं कळवलं. हे खरंच आहे. टेबल डोक्यात पूर्ण आहे. फक्त बनवायचं राहिलंय.

शिवलीला म्हणाली, तीन वर्षं नुसती तयारीच चाललीय, मीच बसू का समोर? हसू आलं. बायकोला दुखवू नये म्हणून नीट समजावून सांगितलं, हा लुडो नाही. मग कधी खेळणार, म्हणाली. म्हटलं, टेबल झाल्यावर.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. दुकानात.

खतं-बियाण्यांच्या दुकानात या दिवसांत दुपारी कुणी फिरकत नाही. कलेला उत्तम वेळ.

इन्स्पिरेशन मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही हा माझा नियम. यूट्यूबवर इंग्लंडातला एक म्हातारा आहे, तो पिझ्झाच्या रिकाम्या खोक्यांपासून डोंगर करतो. व्हिडिओ परत परत पाहिला. अडचण एवढीच की लोहाऱ्यात पिझ्झा मिळत नाही. म्हणजे डोंगर होणार नाही. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला विचारलं. म्हणाला, भजे हायत, कागदात बांधून देतो. ज्या गावात अशी उत्तरं मिळतात तिथं कला रुजायची कशी?

शिवलीलानं गोडाऊनमधली बियाण्यांची रिकामी खोकी आणून समोर ठेवली. पुठ्ठा जाड आहे, पण त्यावर कपाशीचं बोंड छापलंय. मला मूड लागत नाही.

आजची प्रगती: शिकायच्या व्हिडिओंच्या याद्या केल्या. ‘डोंगर’, ‘पाणी’, ‘झाडं’ आणि ‘पाहून झालेले, परत पाहायचे’.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.

नागपूरच्या एका डॉक्टरनं ग्रुपवर स्वतःच्या टेबलचे फोटो टाकले. नदी, पूल, आमराई, सगळं केलंय. लोकांनी नुसता वाहवांचा पाऊस पाडला. कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं होतं. मी लिहिलं, आमराईची सावली पटत नाही, नदीला खोली नाही, पूल निर्जीव वाटतो. डॉक्टरनं विचारलं, तुमचं टेबल बघायला मिळेल का? म्हटलं, मी अर्धवट काम दाखवत नाही.

लोकांना टीका पचत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.

इंग्लंडचा म्हातारा म्हणतो, घराबाहेर पडा, खरे दगड बघा, खऱ्या भिंती बघा. म्हणून जीपमध्ये कोंबून घेऊन नळदुर्गला गेलो. किल्ला पाहिला. निराशा झाली.

तटाचे दगड एकसारखे नाहीत. काही काळे, काही करडे, मधूनच गवत फुटलेलं. रंगकाम हाताबाहेर गेलंय. बुरुज वाजवीपेक्षा मोठा, स्केल सांभाळलेलं नाही. पाणीमहालाच्या बाजूनं थोडं पाणी पडत होतं, पण फेस फार पांढरा. असं पाणी मी टेबलवर केलं असतं तर ग्रुपनं खोटं ठरवलं असतं. फोटो काढले नाहीत. चुकीच्या गोष्टी एकदा डोळ्यात बसल्या की निघत नाहीत.

येताना जीपमध्ये एका माणसाची कोंबडी माझ्या मांडीवर. बोलून उपयोग?

२० नोव्हेंबर, बुधवार.

आज मतदान. प्रचाराचे भोंगे एकदाचे बंद झाले. त्या कलकलाटात बारीक काम शक्यच नव्हतं. आता शांतता आहे. इतक्या शांततेतही काम होत नाही, हे आज कळलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार.

पार्सल आलं! एक पिशवी रणभूमीची माती, तपकिरी, निर्जंतुक केलेली. एक डबी वाळलेलं गवत. एक पुडी बारीक दगड. सगळं बेंगळुरूहून.

अव्वा, म्हणजे माझी आई, ओसरीत बसली होती. तिनं पिशवी उघडली, हुंगली आणि विचारलं, काय रं गौऱ्या, माती इकत आणलास व्हय? सांगितलं, अव्वा, ही साधी माती नाही, हिचा दाणा एकसारखा असतो. ती म्हणाली, आपल्या रानात मस पडलीय की, ती काय खोटी हाय? आता आईला काय समजावणार. आपली माती काळी. व्हिडिओत सगळीकडं तपकिरी असते. काळ्या मातीवर लढाई झालेली मी एकाही व्हिडिओत पाहिलेली नाही.

संध्याकाळी पाहतो तर पिशवी रिकामी. अव्वानं कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. एवढी भारी असंल तर झाडाला तरी लागू दे, म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. दुकानात.

खेळाच्या नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक प्रिंट काढून, स्पायरल करून काउंटरवर ठेवलंय. गिऱ्हाइकांवर छाप पडते. मी अजून वाचलेलं नाही. टेबल नसताना नियम वाचून करायचं काय?

मी गोडाऊनमध्ये व्हिडिओ बघतो तेव्हा शिवलीला काउंटरवर बसते, आणि ते पुस्तक वाचते. हातात पेन्सिल. आज विचारत होती, अहो, घोडदळ पाण्याचा पाट ओलांडताना अर्धंच चालतंय का पूर्ण? म्हटलं, ते टेबलवर आपोआप कळतं. म्हणाली, इथं लिवलंय की. मग विचारतेस कशाला? तर म्हणे, तुमाला ठाव हाय का बघितलं. बी.कॉम. झालेल्या माणसांना नियम पाठ करायची खोड असते. डावपेच वेगळी गोष्ट. पुस्तकाला हळदीचे हात लावू नको एवढं बजावलं.

१ डिसेंबर, रविवार.

रामलिंग सुतारानं टेबलची फळी आणली. मापाप्रमाणे चोख. माप मी दिलेलं, त्यामुळे ती कुठल्याच दारातून आत जाईना. अंगणात चार डब्यांवर ठेवली. अव्वाला वाटलं खास तिच्यासाठीच करून आणलीय. तिनं रामलिंगला कौतुकानं चहा पाजला आणि फळीवर मिरच्या वाळत घातल्या.

माझ्या रणभूमीवर मिरच्या! उद्या स्पष्ट बोलेन.

३ डिसेंबर, मंगळवार.

बोललो. मिरच्यांशेजारी आता तीळ.

७ डिसेंबर, शनिवार.

शेवटी हातात सुरी घेतली. थर्माकोलचा डोंगर. दुकानातच, कारण अंगणात मिरच्यांचा ठसका.

सुरी फिरली तसे थर्माकोलचे पांढरे गोळे सुटले आणि दाराच्या वाऱ्यानं दुकानभर पसरले. कोपऱ्यात एक पोतं फुटलं होतं, त्यातला युरिया घमेल्यात काढून ठेवलेला. तोही पांढरा, तोही गोळ्या-गोळ्यांचा. नेमका त्याच वेळी कल्याणप्पा आला, जुनं गिऱ्हाईक. घमेल्यात हात घातला, मूठ वर केली, आणि मुठीतलं अर्धं उडून त्याच्या मिशीला चिकटलं. मालक, म्हणाला, औंदा युरिया लई हलका आलाय की, उडायलाय.

त्याला समजावण्यात तास गेला. तो उठून समोरच्या दुकानात गेला. जाऊ दे. ज्याला युरिया आणि टेरेन यातला फरक कळत नाही असं गिऱ्हाईक नकोच.

डोंगर पूर्ण झाला. अव्वानं विचारलं, ही इडली कशाची? थर्माकोल हे मुळात हलकं माध्यम आहे. सोडून दिलं.

११ डिसेंबर, बुधवार.

चूक सापडली. मी शिक्षण न घेता कामाला हात घातला. अमेरिकेतल्या एका माणसाचा टेरेनचा ऑनलाइन कोर्स घेतला. धडे दुप्पट वेगानं लावले की लवकर संपतात. गृहपाठ नाही केला, तो नवशिक्यांसाठी असतो. संध्याकाळी सर्टिफिकेट आलं, सोनेरी कडांचं. फ्रेम करून दुकानात परवान्याशेजारी लावलं. दोन शेतकरी त्याच्याकडं बघून हरभऱ्याच्या घाटेअळीवर सल्ला विचारून गेले. दिला.

सरांचा मेसेज: किती झालं? पंच्याऐंशी टक्के, कळवलं. शिक्षणाचे पाच टक्के धरलेत.

१५ डिसेंबर, रविवार. रात्री.

सरांनी फोटो मागितला. सगळा ग्रुप वाट बघतोय म्हणे, डॉक्टर तर जास्तच. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

दुपारी माझे सर्वांत चांगले पाच सैनिक खिशात घालून रानात गेलो. एक धनुष्यवाला, एक गदावाला, एक झेंडेवाला आणि जुळ्यासारखे दिसणारे दोन तलवारवाले. अजून रंगवलेले नाहीत, करडेच आहेत, पण करडा हाही रंग आहे. बांधाखाली ज्वारीच्या कडेला जमीन भेगाळलीय, तिथं त्यांना उभं केलं. मी पोटावर झोपलो. मोबाइल जमिनीला टेकवून फोटो काढला.

फोटोत ते टेबलच दिसतं. भेगा म्हणजे दऱ्या, ढेकळं म्हणजे टेकड्या. आणि यात खोटं काही नाही. शेत माझं, त्यामुळे टेरेनही माझंच. सातबारा दाखवू शकतो.

रानात रेंज नाही. पळतच रोडवर आलो, फोटो टाकला. वीस मिनिटांत ग्रुप पेटला! असं काम भारतात पाहिलं नाही, असं एकानं लिहिलं. सरांनी विचारलं, भेगा कशा केल्या? म्हटलं, थरावर थर, आणि संयम. वाचत वाचत रोडवरूनच घरी आलो. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

१६ डिसेंबर, सोमवार.

कौतुक चालूच. फक्त नागपूरच्या डॉक्टरनं लिहिलंय की गवत स्केलला मोठं वाटतं आणि मातीच्या भेगा अतिशयोक्त आहेत.

संताप आला. भेगा अतिशयोक्त? स्वतः येऊन बघ म्हणावं! असं लिहिणार होतो, पण थांबलो.

१९ डिसेंबर, गुरुवार.

पाच सैनिक सापडत नाहीत. शर्टाचे, पँटचे खिसे पाहिले. शिवलीलानं धुण्यात घातले असणार. ती म्हणते, धुण्यात सुपारी सापडली, सैनिक न्हाय. तिच्यावर विश्वास नाही. मांजरावरही नाही.

२३ डिसेंबर, सोमवार. दुकानात.

कल्याणप्पा परत आला, समोरच्याकडचा युरिया संपला म्हणून. नवी बातमी घेऊन. कुणाच्या तरी रानात बांधावर पाच पांडव आपसूक प्रगटलेत म्हणे. वेळ अमावस्या, म्हणजे रानात पांडव पुजायचा सण, आठवड्यावर आली आणि देव आधीच येऊन बसले. लोक लांबून बघायला यायलेत.

मी त्याला चांगलंच सुनावलं. एकविसाव्या शतकात असल्या गप्पा! कुणाचं रान हेही विचारलं नाही. अडाणीपणाचे तपशील घेऊन काय करायचे? काउंटरवर शिवलीला होती, तिनं माझ्याकडं जरा विचित्र पाहिलं. घरी जेवताना अव्वाला सांगितलं तर ती गप्पच. तिलाही पटलेलं दिसतं.

२६ डिसेंबर, गुरुवार.

आता झटून काम. चार दिवसांत अख्खं टेबल. कोर्समधला अमेरिकन एका दिवसात करतो.

२७ डिसेंबर, शुक्रवार.

अमेरिकनाकडं गॅरेज आहे.

२८ डिसेंबर, शनिवार.

सुटका! शिवलीला फळीवरच्या मिरच्या गोळा करत होती, म्हणाली, सोमवारी वेळ अमावस्या, फळी भाज्या चिरायला लागंल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वेळ अमावस्येला लोहाऱ्यात माणूस राहत नाही. घरोघरी कुलपं, दुकानं बंद, सगळं गाव आपापल्या रानात जेवायला. सर येतील, बंद दार बघतील, हळहळतील, परत जातील. ‘अरेरे सर, आधी कळवायला हवं होतं’ असा मेसेज तयार करून ठेवलाय. मोबाइल त्या दिवशी बंद. त्यानंतर निवांत टेबल करायचं.

वाईट वाटतंय, पण सणापुढं इलाज नसतो.

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या. अंधार पडल्यावर.

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी अव्वा डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन पुढं, आम्ही मागं. रानात बलभीमनं, म्हणजे आमचं शेत बटईनं करणाऱ्यानं, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली. दरवर्षी त्या कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, चुना लावतात, पूजा करतात. मी वाकून आत पाहिलं.

माझे पाच. चुन्यात बुडवलेले, वर कावेचे ठिपके, पुढं बाजरीचे उंडे. कोपीबाहेर शेजारच्या रानांतल्या बायका रांगेनं पाया पडायला थांबलेल्या. प्रगटलेले पांडव ते हेच, आणि रान ते आमचंच. त्या दिवशी रेंजच्या नादात मी यांना बांधावरच विसरलो होतो.

अव्वा म्हणाली, तू हसशील म्हून सांगितलं न्हाय रं. बांधावर आपसूक उभे होते. ह्यो गदावाला भीम, ह्यो धनुष्यवाला अर्जुन, झेंडेवाला धर्मराज, आन हे सारखेच दिसत्यात ते नकुल-सहदेव. सांग बरं, कोन आणून ठेवंल असं नेमकं? मी एवढंच म्हणालो, अव्वा, फार बारीक नाहीत का? तर म्हणाली, कलियुग हाय, देव बारीक व्हायचेच. तिचे डोळे भरले होते. वडील गेल्यापासून तिला एवढं आनंदात पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं. हा माझा मोठेपणा, आणि तो कुणाला सांगताही येणार नाही.

शिवलीला बाजूला उभी राहून पदर तोंडाला लावत होती. भक्तीनं नव्हे.

दुपारी पंगत बसली तेवढ्यात बलभीम रोडवरून एक मोटारच घेऊन आला. या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही ही इथली खोड मी हिशेबात धरली नव्हती. बलभीम म्हणाला, पुण्याची मान्सं हायत, गावात समदी कुलपं बघून घाबरलीती, म्हून घेऊन आलो. दार उघडून अमरनाथ सर उतरले, मागून त्यांच्या मिसेस. सरांच्या हातात फौजेची पेटी.

अव्वानं त्यांना बोलूच दिलं नाही. पानात भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगांची एकत्र भाजी, उंडे, खीर, वर आंबिलाचा तांब्या. सरांनी भज्जी तीनदा घेतली. मी मनातल्या मनात बोलायची वाक्यं जुळवत होतो.

जेवून सर बांधावर फिरायला गेले. आणि थांबले. खाली पाहिलं. मोबाइल काढला, त्यात पाहिलं, परत खाली पाहिलं. मग गुडघे टेकून गाल जमिनीला लावला. उठून माझ्याकडं आले आणि विचारलं, गौरीशंकर, हे तुमचं टेबल का? म्हटलं, हो सर, फक्त स्केल वेगळं आहे. एकास एक.

सर कोपीकडं वळले, वाकून आत पाहिलं. भीमाकडं बराच वेळ पाहत होते. अशा भीमांची त्यांच्या घरी कपाटभर पलटण आहे. मागं अव्वा उभी होती. सरांनी बूट काढले आणि हात जोडले.

बाहेर येऊन म्हणाले, फौज तर आणलीय, बसू या का इथंच, या ढेकळांत? मी लगेच म्हणालो, माझी फौज घरी राहिली ना. तेवढ्यात शिवलीलानं उंड्यांच्या डब्याखालून माझ्या उरलेल्या सैनिकांचा डबा काढला, त्यात फासे, मोजपट्टी, सगळं. हे कशाला आणलंस, असं मी दबक्या आवाजात विचारलं. ती मोठ्यानं म्हणाली, पाव्हणे खेळायला येणार होते की, त्यांचा मेसेज तुमीच वाचून दाखवला होता.

सर माझ्या समोर ढेकळांत बसले आणि पाण्याच्या पाटाकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, तुमच्याकडं घोडदळ हा कसा ओलांडतं? मी म्हणालो, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. शिवलीला म्हणाली, अर्धं चालायचं. आन पाट ओला असंल तर आधी फासा टाकायचा. सर म्हणाले, बरोबर. आणि माझ्या समोरून उठून तिच्या समोर जाऊन बसले.

मी पंच म्हणून काम पाहिलं. दोन सूचना केल्या. दोन्ही नियमाबाहेर आहेत हे दोघांनी एकदम सांगितलं. मधेच अव्वा रीतीप्रमाणे ‘ओलगे ओलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडत आली, ती सरांच्या तोफखान्यावरही शिंपडली. सर म्हणाले, पावसाचा नियम लावू. शिवलीलाला तोही पाठ होता. ओल्या तोफा उडत नाहीत म्हणे. ऊन कलायच्या आत तिनं बांध घेतला आणि सर हरले. बायका-माणसं गोळा झाली होती. कल्याणप्पा ओरडला, वैनीनं पुण्याला पाडलं!

मला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

संध्याकाळी बलभीमनं कडब्याची पेटती जुडी घेऊन पिकाला फेरी मारली, सरांनी त्याचा व्हिडिओ काढला. मोटारीत बसताना मला बाजूला घेऊन म्हणाले, फोटोबद्दल मी ग्रुपवर काही बोलणार नाही. म्हटलं, सर, त्यात बोलण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, तेच तर.

घरी येताना अव्वाला सहज सुचवलं, पांडव घरी आणू, धुऊन-पुसून जपून ठेवू. म्हणाली, बसलेले देव उठवत न्हायत. म्हणजे माझे पाच गेले.

१ जानेवारी, बुधवार. दुकानात, दुपारी.

ग्रुपवर सरांनी सकाळी जाहीर केलं: फेब्रुवारीच्या प्रदर्शनात खास निमंत्रित खेळाडू, शिवलीला, लोहारा. हॉलच्या मधोमध नागपूरच्या डॉक्टरचं टेबल ठेवणार. पहिली लढाई तिची आणि डॉक्टरची, त्या आमराईच्या टेबलवर. तिला ग्रुपमध्ये घेतलंय. आल्या आल्या तिनं डॉक्टरला लिहिलं, सावली छान पडलीय.

मला वेगळा मेसेज: तुम्हीही वहिनींबरोबर या. जमलं तर एक पोतं काळी माती आणा, क्लबला हवी आहे.

वाईट वाटलं. इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. तीन वर्षं समोर बसायला एक माणूस हवा होता. पुण्यात शोधला, नागपुरात शोधला, इंग्लंडच्या म्हाताऱ्यालाही एकदा मेल केला होता.

गिऱ्हाईक नव्हतं. शिवलीला काउंटरवर नियमांचा दुसरा भाग वाचत होती, तो तिनंच प्रिंट काढून आणलाय. मी गोडाऊनमधून बाहेर आलो, जरा वेळ गोण्या सरळ केल्या, मग म्हटलं, चल, एक डाव खेळू या.

तिनं मान वर केली. म्हणाली, टेबल झाल्यावर.

म्हटलं, ऐंशी टक्के झालंय.

तिनं पान उलटलं.